तापमापी सावलीत, चालणारा उन्हात

एका एप्रिलमध्ये पाथर्डी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत जाण्याचा योग आला. आठवीच्या मुलांनी दोन तापमापी मांडल्या होत्या. एक व्हरांड्याच्या सावलीत टांगलेली, दुसरी मैदानात काठीला बांधलेली. अकरा वाजता दोघींच्या आकड्यांत चांगलाच फरक पडला होता. मुले तो वहीत लिहून घेत असताना एका मुलीने विचारले, "सर, उद्या पेपरात सावलीतलाच आकडा छापून येणार. मग आम्ही घरी जातो ते किती अंशांत?"

ती मुलगी वस्तीवरून यायची. शाळेपासून दीड-दोन किलोमीटर. शाळा सकाळची होती, म्हणजे परत जायची वेळ साडेअकराच्या सुमाराची. शिक्षकांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही उत्तर द्यायला तोंड उघडले आणि लक्षात आले, की याला एका आकड्यात उत्तर नाही. या लेखाचे निमित्त तो प्रश्न.

वर्तमानपत्रातले तापमान कुठे मोजतात ते आधी पाहू. वेधशाळेच्या आवारात झडपांची एक पांढरी लाकडी पेटी पायांवर उभी असते. पेटीत वारा खेळतो, पण ऊन शिरत नाही. तापमापी साधारण छातीच्या उंचीवर असते. या पेटीला स्टीव्हनसन पेटी म्हणतात. ती तयार करणारे टॉमस स्टीव्हनसन हे दीपगृहे बांधणारे अभियंते. 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा लेखक हा त्यांचा मुलगा. तर, पेपरातला आकडा हा सावलीतल्या, वारा लागणाऱ्या हवेचा आकडा. नगरचा आकडा मुंबईच्या आकड्याशी किंवा यंदाचा तीस वर्षांपूर्वीच्या आकड्याशी ताडून पाहायचा, तर असेच मोजले पाहिजे. हवामान खात्याची उष्णतेच्या लाटेची व्याख्याही याच आकड्यावर बेतलेली आहे. सपाट प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांवर असून ते नेहमीपेक्षा किमान साडेचार अंशांनी वाढले, किंवा सरळ ४५ अंशांवर गेले, तर ती लाट. पण पेटीतली तापमापी चालत नाही. तिला घरी जायचे नसते.

चालणाऱ्या माणसाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. तो जमाखर्चासारखा आहे. जमेच्या बाजूला पहिली रक्कम शरीराच्या आतूनच येते. ६० किलो वजनाचा माणूस स्वस्थ बसला असताना त्याचे शरीर सुमारे ७० ते ८० वॅट उष्णता तयार करते, म्हणजे एका जुन्या दिव्याइतकी. तोच माणूस सपाट रस्त्यावर ताशी पाच किलोमीटरने चालू लागला की हा आकडा २५० वॅटच्या आसपास जातो. सपाटीवर चालताना स्नायूंनी खर्च केलेली जवळजवळ सगळी ऊर्जा शेवटी उष्णताच होते. आता समजा, ही उष्णता बाहेर पडलीच नाही. २५० वॅट म्हणजे तासाला ९०० किलोज्यूल. ६० किलोच्या शरीराचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे २१० किलोज्यूल लागतात. म्हणजे तासाभरात तापमान चार अंशांहून अधिक वाढून ३७ चे ४१ होईल. हे गणित अकरावीच्या विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करून घ्यावे. ऊन नसतानाही चालणे ही केवढी शेगडी आहे, ते त्यातून ध्यानात येते.

हिवाळ्यात ही शेगडी आपल्याला हवीच असते. त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास आणि हवा वीस अंशांवर, तेव्हा उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा ३५ च्या वर गेली की वाहतुकीची दिशा उलटते आणि हवाच आपल्याला तापवू लागते. त्यात वरून सूर्य आणि खालून डांबर. भर उन्हात डांबराचे तापमान ६० अंशांच्याही वर जाऊ शकते, आणि असा रस्ता अदृश्य प्रारणाने पायांना, पोटऱ्यांना भाजत राहतो. चाळीस अंशांच्या दिवशी उन्हात चालणाऱ्या मोठ्या माणसाला या सगळ्यांतून मिळून ढोबळ मानाने आणखी २०० वॅट मिळतात असे धरू. एकूण जमा ४५०. खर्चाच्या बाजूला उरतो फक्त घाम.

घामाचे काम माठाच्या उदाहरणाने चांगले कळते. माठातले पाणी सूक्ष्म छिद्रांतून पाझरते, बाहेरच्या पृष्ठभागावरून वाळते आणि वाळताना लागणारी सुप्त उष्णता माठाकडून घेते. स्टीलच्या कळशीला हे जमत नाही. एक लिटर घाम त्वचेवरून वाळला तर सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. तासाला ४५० वॅटचा हिशेब चुकता करायला जवळजवळ ७०० मिलिलिटर घाम वाळावा लागतो. वाळावा लागतो हे महत्त्वाचे. टपकून जमिनीवर पडलेला घाम फुकट गेला.

इथे नगर आणि मुंबई यांच्या वाटा वेगळ्या होतात. आपला जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. उन्हाळी दुपारी हवा अगदी कोरडी असते, म्हणून आपल्याकडे माठ चांगला गार होतो आणि वाळ्याचा कूलर चालतो. सोळाव्या शतकात निजामशाहांनी शहराजवळचा फराहबक्ष महाल तलावाच्या मधोमध बांधला. त्यामागे शोभेबरोबर हेही कारण असावे असे आम्हाला वाटते. मुंबईत हाच कूलर खोलीची न्हाणी करून टाकतो.

हा फरक शाळेत मोजता येतो. एका तापमापीच्या फुग्याला ओले सुती फडके गुंडाळून पंख्याने वारा घालावा आणि आकडा स्थिर झाला की वाचावा. हवा ४० अंशांची आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर ओली तापमापी सुमारे २३ दाखवते. हवा ३८ चीच पण आर्द्रता ४५ टक्के असेल, तर ती २८ दाखवते. म्हणजे कोरडे तापमान दोन अंशांनी कमी असूनही घामाला वाळायला वाव कमी. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानावर झाला. तिथे उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. जवळच्या केंद्रावरची तापमानाची नोंद ३८ अंशांच्या आसपास होती, आणि जमलेले बहुतेक लोक चालत नव्हते, बसले होते. पेपरातल्या आकड्यावर विसंबू नये याचे याहून दुःखद उदाहरण देता येणार नाही.

मग आपण नगरवाले सुरक्षित, असे समजावे काय? नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील संशोधकांनी तरुण, निरोगी माणसांवर प्रयोग करून २०२२ मध्ये काही निष्कर्ष प्रसिद्ध केले. शरीराचे आतले तापमान स्थिर राखणे कोणत्या ओल्या तापमानापुढे जमत नाही, असा त्यांचा प्रश्न होता. दमट हवेत ही मर्यादा ३१ च्या जवळ निघाली. पूर्वी नुसत्या हिशेबाने ती ३५ मानत असत. अधिक चकित करणारी गोष्ट अशी, की कोरड्या, फार तापलेल्या हवेत ती आणखी खाली, २५ ते २८ च्या दरम्यान सापडली. कारण सोपे आहे. दमट हवेत अडचण वाळण्याची असते, कोरड्या हवेत अडचण पाझरण्याची. हवा कितीही घाम पिऊन टाकायला तयार असली, तरी घामग्रंथींचा नळ तासाला लिटरभराच्या आसपासच चालतो. सराव नसलेल्याचा त्याहूनही कमी.

आणि कोरड्या हवेत घाम दिसत नाही. मुंबईत सदरा चिकटतो, माणूस सावध होतो. नगर-पाथर्डी रस्त्यावर चालताना अंग कोरडे लागते, म्हणून घाम येतच नाही असे वाटते. घरी आल्यावर सदऱ्याच्या पाठीवर मिठाची पांढरी नक्षी उमटलेली दिसते. वजनकाटा याची साक्ष देतो. चालण्याआधी आणि नंतर, मधे काही न खाता-पिता, त्याच कपड्यांत वजन करावे. जितके ग्रॅम कमी, साधारण तितके मिलिलिटर घाम. हा प्रयोग मात्र सकाळी लवकर आणि शिक्षकांनी स्वतःवर करावा, मुलांवर नको. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी गेले की थकवा आणि डोकेदुखी जाणवू लागते. ६० किलोच्या माणसाला हे सव्वा लिटर होते.

हे आम्ही पुस्तकातून सांगतो आहोत असे नाही. काही वर्षांपूर्वी एप्रिलच्या मध्याला आम्ही गावी गेलो. एस.टी. फाट्यावर नऊला पोचली. वस्ती तिथून तीन किलोमीटर. अजून दुपार व्हायची आहे, असे म्हणून पिशवी खांद्याला लावून निघालो. डोक्यावर काही नाही, बाटलीतले पाणी गाडीतच संपलेले. वर्षभर वातानुकूलित प्रयोगशाळेत बसणारा माणूस हा. दोन किलोमीटरनंतर डोके ठणकू लागले, वस्ती दिसू लागली तेव्हा मळमळत होते, आणि अंगणात पाय ठेवताच उलटी झाली. म्हाताऱ्या चुलतीने कडुलिंबाखाली बाजेवर निजवले, डोक्यावर-अंगावर बादलीभर पाणी ओतले आणि सुपाने वारा घालत बसली. "शिकल्याला कळंना व्हय रं?" एवढेच म्हणाली. उष्णताविज्ञानाच्या दृष्टीने तिने केले ते बिनचूक होते. आम्ही केले ते सगळे चूक होते.

त्यातल्या दोन चुका जाणून घेण्यासारख्या आहेत. पहिली नऊ वाजण्याची. नगरच्या अक्षांशावर, म्हणजे १९ अंश उत्तरेला, मेच्या मध्याला सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. सुमारे १५ मे रोजी, साडेबाराच्या थोडे आधी, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. हा शून्य सावलीचा दिवस शाळांनी जरूर पाहावा. पण उभ्या माणसावर थेट ऊन सर्वांत जास्त पडते ते तेव्हा नव्हे. सूर्य माथ्यावर असताना फक्त डोके आणि खांदे उन्हात असतात. तो क्षितिजापासून तीस-चाळीस अंशांवर असताना चेहरा, छाती किंवा पाठ, मांड्या असे सगळे अंग उन्हात सापडते. एप्रिल-मेमध्ये हे सकाळी साडेआठ-नऊला आणि दुपारी चारच्या आसपास घडते. पडताळा घ्यायचा असेल तर एक बाहुली उभी करावी. तिच्यामागे आलेखाचा कागद चिकटवलेला पुठ्ठा सूर्याकडे तोंड करून, किरणांना काटकोनात धरावा आणि बाहुलीच्या सावलीतले चौकोन मोजावे. आठ, नऊ, दहा, बारा अशा वेळी मोजले तर चौकोन कसे घटत जातात ते दिसेल. बाराला हवा आणि जमीन अधिक तापलेली असतात, त्यामुळे एकूण जमा तेव्हा जास्तच भरते. पण म्हणून नऊचे ऊन कोवळे ठरत नाही.

रोज फिरायला जाणाऱ्यांनी यातून आपले वेळापत्रक ठरवावे. भुईकोट किल्ल्याभोवती एक फेरी जेमतेम पावणेदोन किलोमीटरची. जानेवारीत ती आठ वाजता मारली तरी चालते. मेमध्ये सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो आणि दिवसातले सर्वांत कमी तापमान त्याच सुमाराला असते. साडेपाचला निघून सातच्या आत घरी, हे उत्तम. संध्याकाळ ही सकाळची जुळी बहीण नाही. सातला सूर्य मावळतो, पण दिवसभर उष्णता साठवलेले डांबर आणि भिंती रात्रीपर्यंत ती परत करत राहतात. संध्याकाळीच जायचे तर डांबरी रस्ता सोडून मातीची, झाडांची वाट धरावी आणि दिवेलागणीनंतर निघावे. वयस्करांना तहान उशिरा लागते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढतात. त्यांनी तहानेची वाट पाहू नये आणि गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारून ठेवावे.

आमची दुसरी चूक सरावाची. उन्हात थोडे थोडे वावरू लागले की चार-पाच दिवसांत रक्तातल्या पाण्याचा भाग वाढतो. मग घाम लवकर सुटतो, अधिक येतो, आणि त्यातले मीठ कमी होते. हा बदल पुरा व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, आणि ऊन सुटले की काही आठवड्यांत तो ओसरतो. म्हणून मार्चअखेरची पहिली लाट मेमधल्या तितक्याच तापमानापेक्षा अधिक बाधते. रामनवमीसाठी मुंबईहून शिर्डीला पायी जाणाऱ्या पालख्या पाहा. सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट. ती दमट किनाऱ्यावरून निघते आणि घाट चढून सिन्नरच्या कोरड्या माळावर येते, म्हणजे दोन्ही प्रकारची उष्णता त्यांच्या वाट्याला येते. जाणते पदयात्री पहाटे अंधारात निघतात, उन्हे चढली की मुक्काम टाकतात आणि ऊन उतरल्यावर पुन्हा चालू लागतात. आठ-दहा दिवसांत शरीरही तयार होत जाते. जो ऐनवेळी सिन्नरला मोटारीतून उतरून शेवटचे दोन टप्पे चालतो, त्याची तयारी झालेली नसते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. २०२५ च्या मार्चअखेरीस राज्याच्या शिक्षण विभागाने उन्हाळ्यासाठी शाळांच्या वेळा सकाळी सातपासून, प्राथमिकसाठी सव्वाअकरा आणि माध्यमिकसाठी पावणेबारापर्यंत ठरवल्या. वर्गापुरते हे योग्यच. येतानाची वाटही सुखाची. परतीची वाट मात्र नेमकी तापलेल्या जमिनीवरून जाते, आणि मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या शरीराची लहान प्रत नव्हे. वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा, म्हणून ३५ च्या वरच्या हवेतून ते लवकर तापते. त्याला घाम कमी येतो. आणि उंची कमी असल्याने तापलेला रस्ता त्याच्या छातीला अधिक जवळ असतो. तळ झिजलेली चप्पल असेल तर पाय पोळतात ते वेगळेच.

मग हळू चालावे की भराभर? समजा, दीड किलोमीटर उघडी वाट आहे. मोठ्या माणसाचाच हिशेब घेऊ. ताशी पाचच्या चालीने १८ मिनिटे लागतात; आतले २५० आणि बाहेरचे २०० वॅट धरून सुमारे ४८५ किलोज्यूल जमा होतात. ताशी तीनच्या चालीने आतली उष्णता १७५ वॅटवर येते, पण वेळ ३० मिनिटे लागतो आणि जमा ६७५ किलोज्यूल. म्हणजे रेंगाळणे महाग पडते! पळण्यात मात्र आतली उष्णता इतकी झपाट्याने वाढते की घामाला ती आवरता येत नाही. आम्ही मुलांना सांगतो ते असे: उन्हाचा तुकडा नेहमीच्या चालीने ओलांडा, सावली आली की दोन मिनिटे थांबा, शर्यत लावू नका. हृदयविकार असलेल्यांना किंवा वृद्धांना हा हिशेब लागू नाही. त्यांनी त्या वेळी निघूच नये.

छत्री ही आमच्या मते सर्वांत उपेक्षित वस्तू आहे. मुलगे ती घ्यायला लाजतात. ती हवेचे तापमान बदलत नाही, पण वरून येणारी रक्कम बरीच अडवते. कपडे सैल असावेत. वाळवंटातले बदाउनी लोक काळे झगे का घालतात, याचा अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. झगा काळा असो वा पांढरा, अंगापर्यंत पोचणारी उष्णता सारखीच आढळली, कारण सैल झग्याच्या आत हवा खेळती राहते. आपले धोतर, उपरणे आणि डोक्यावरचा पदर याच जातीचे. उपरणे ओले करून डोक्याला गुंडाळले तर आपल्या कोरड्या हवेत ते माठाचेच काम करते. खिशातला कांदा मात्र काही करत नाही. तो खिशाऐवजी भाकरीबरोबर खावा.

पाणी निघण्याआधी प्यावे. मीठ घातलेले ताक किंवा पन्हे त्याहून बरे. घरगुती जलसंजीवनीसाठी लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरते. मुलांना लघवीच्या रंगावरून ओळखायला शिकवावे. गडद पिवळी म्हणजे पाणी कमी पडले. एखादे मूल असंबद्ध बोलू लागले, झोकांड्या खाऊ लागले किंवा बेशुद्ध पडले, तर तो उष्माघात समजावा, अंगाला घाम असला तरीही. सावलीत आडवे करावे, कपडे सैल करावे, सर्वांगावर पाणी ओतून वारा घालावा, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवावा, १०८ ला फोन करावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. गाडी येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये. या आजारात मिनिटे मोजली जातात.

त्या शाळेतल्या शिक्षकांनी नंतर एक उपक्रम केला. वस्त्यांवरच्या मुलांनी आपापल्या वाटेचा नकाशा काढला आणि त्यावर साडेअकरा वाजता जिथे खरोखर सावली असते तेवढाच भाग पेन्सिलने काळा केला. त्या वेळी झाडाची सावली झाडाच्या बुंध्याशीच गोळा झालेली असते, म्हणून सकाळी येताना रस्ताभर सावली देणारी झाडे परतताना उपयोगी पडत नाहीत, हे मुलांनीच शोधले. रस्ता रुंद करताना चिंचा गेल्या होत्या, तिथे नकाशा सलग पांढरा निघाला. आमच्या प्रश्नकर्तीच्या वाटेवर हा पांढरा तुकडा कालव्यापासून मारुतीच्या देवळापर्यंतचा होता. आता ती पाच मुले एकत्र निघतात, बाटल्या शाळेतच भरून घेतात, कालव्याच्या बाभळीखाली थांबतात, आणि देवळाच्या ओसरीत पुजाऱ्यांनी त्यांच्यासाठी एक माठ भरून ठेवलेला असतो.